अस्तनीतले पिस्तूल

शस्त्र लपवण्याच्या कल्पनेभोवती मराठीत शब्द बरेच आहेत. वरून साधी काठी दिसणारी आणि आत पाते बाळगणारी ती गुप्ती. विंचवाच्या नांगीसारखा वळलेला तो बिचवा. मुठीत मिटून घेता येतात ती वाघनखे. या नावांत शस्त्राचे कौतुक आहे. याच विषयावरचे आपले वाक्प्रचार मात्र वेगळ्याच सुरात बोलतात. अस्तनीतला निखारा, बगलेतली सुरी, केसाने गळा कापणे : यांतला एकही आपण कुणाच्या गौरवासाठी वापरत नाही. वस्तू गौरवाची आणि कृती धिक्काराची, अशी ही आपल्या भाषेतली विभागणी आहे. आम्ही दोघेही महाविद्यालयात मराठी शिकवतो. इतिहासाचे पदवीधर नाही. त्यामुळे या विषयाकडे आमचे लक्ष गेले ते प्रथम शब्दांमुळे.

दुसरे कारण घरगुती आहे. आमच्यापैकी एकाचे बालपण नाशिकचे. शाळेत दर डिसेंबरात अनंत कान्हेरे यांच्यावर निबंध लिहिण्यात ते गेले. दुसऱ्याच्या आजोबांचे सातारा जिल्ह्यातील घर १९४८च्या फेब्रुवारीत जळाले. दिल्लीत एका मराठी माणसाने खिशातून काढलेल्या पिस्तुलाची आच त्या खेड्यातल्या माडीपर्यंत आली होती. कर्मचारी कक्षातल्या चहाबरोबर आमचा या दोन घटनांवर कितीतरी वर्षे वाद चालू आहे. दोन्ही ठिकाणी पिस्तूल कपड्यांत लपवून नेले गेले, दोन्ही ठिकाणी ते विश्वासाच्या जागी बाहेर निघाले. मग एकाला शौर्य आणि दुसऱ्याला विश्वासघात म्हणताना आपण नेमके काय मोजतो? वाद मिटलेला नाही. मात्र त्या निमित्ताने लपवलेल्या पिस्तुलाच्या इतिहासाची जी थोडी उलटापालट आम्ही केली, तीतून एक गोष्ट आम्हांला दिसली, ती येथे मांडतो. पिस्तूल कपड्याने फार थोडे लपते. ते लपते ते रीतीने. माणसे भेटली की काय करतात, रांगेत कशी उभी राहतात, अर्ज कसा देतात, नमस्कार कसा करतात, या रोजच्या हालचालींच्या आड ते असते.

प्रतापगडाची भेट या दृष्टीने पुन्हा पाहावी. दिवस १० नोव्हेंबर १६५९. भेट ठरलेली, सोबतीची माणसे मोजकी. अंगरख्याखाली चिलखत, मंदिलाखाली लोखंडी टोप, अस्तनीत बिचवा, मुठीत वाघनखे असे तपशील बखरी देतात. ही सगळी सामग्री एरवी सहज ओळखू आली असती. ती ओळखू आली नाही, कारण समोरासमोर आलेल्या दोन मातब्बर माणसांनी एकमेकांना आलिंगन द्यावे अशी रीत होती, आणि आलिंगन देणाऱ्याच्या अंगाला कुणी चाचपून पाहत नाही. खानही ही रीत जाणून होता. मिठी आवळण्याचा आणि कट्यार चालवण्याचा पहिला डाव त्याचा होता, असे आपल्याकडची साधने सांगतात. दोन्ही बाजूंना लपलेले शस्त्र अपेक्षित होते, म्हणून त्या भेटीला विश्वासघात हा शब्द लावताना मराठी मन अडखळते. ज्याला चिलखत घालून जावे लागते, त्याने मुळात विश्वास टाकलेला नसतो.

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून २०२४च्या जुलैत वाघनखे साताऱ्यास आली. ग्रँट डफच्या घराण्याकडून आलेली हीच ती वाघनखे, असे सिद्ध करता येत नाही, हे त्या संग्रहालयानेच नमूद केलेले आहे. त्या वादात आम्ही पडत नाही. इतकी लहान वस्तू इतक्या मोठ्या घटनेला पुरते, हेच आश्चर्य पुरेसे आहे.

बंदूक मात्र अशी लपणारी वस्तू नव्हती. तोड्याच्या बंदुकीला पेटता तोडा हवा. धुमसणारी वात अंगरख्याखाली घेऊन कोण दरबारात जाणार? सोळाव्या शतकाच्या आरंभी युरोपात चाकाच्या घर्षणाने ठिणगी पाडणारी कळ निघाली आणि बंदूक प्रथमच विस्तवाविना भरून तयार ठेवता येऊ लागली. म्हणजेच ती कपड्याखाली नेता येऊ लागली. सम्राट पहिला मॅक्सिमिलियन याने १५१७ साली आपल्या साम्राज्यात असल्या बंदुकांवर निर्बंध घातले. पिस्तूल हे पुढे आले त्याच्या आधीच त्याच्या लपण्याची धास्ती आली, असे म्हणता येईल. ती धास्ती खोटी नव्हती. १० जुलै १५८४ रोजी डेल्फ्ट येथे ऑरेंजचा विल्यम हा डच पुढारी आपल्याच घरात, जेवणाच्या दालनातून बाहेर पडताना मारला गेला. मारेकरी बाल्टासार जेरार हा त्याच घरात ओळखीचा झालेला होता. आपल्याला धड कपडे व जोडे नाहीत असे सांगून त्याने विल्यमच्या माणसांकडून पैसे मिळवले आणि त्या पैशांतून पिस्तुले घेतली. राज्यकर्त्याच्या हत्येसाठी पिस्तूल वापरल्याचे हे फार गाजलेले आरंभीचे उदाहरण आहे. त्यात पिस्तुलाइतकेच काम दारात उभ्या असलेल्या गरजू माणसाच्या रूपाने केले.

आता थोडे अमेरिकेकडे वळू. पिस्तूल अंगावर बाळगून बाजारहाट करणे, नोकरीस जाणे, मुलांना शाळेत सोडणे हा जिथे आज लक्षावधी सामान्य माणसांचा नित्यक्रम आहे, असा देश तोच. आपल्याला वाटते की तिथे पहिल्यापासून हे असेच असावे. तसे नाही. लपवलेल्या शस्त्रांवर पहिले कायदे तिथे १८१३ साली केंटकी आणि लुइझियाना या राज्यांनी केले आणि पुढच्या तीन दशकांत इंडियाना, अलाबामा वगैरे राज्ये त्यांच्या मागे गेली. या कायद्यांचा रोख शस्त्रावर नव्हता, लपवण्यावर होता. कमरेला सर्वांना दिसेल असे पिस्तूल लावणारा माणूस भला, तेच कोटाखाली ठेवणारा मात्र संशयित, अशी त्या काळची समजूत. लुइझियानाच्या सर्वोच्च न्यायालयाने १८५० मध्ये एका निकालात जवळजवळ असेच म्हटले होते : उघड शस्त्र माणसाला मर्दपणे आत्मरक्षण करायला लावते, लपवलेले शस्त्र त्याला चोरटा फायदा देते. आपल्या अस्तनीतल्या निखाऱ्याशी ही भावना किती जुळते पाहा.

नीतीचा हा दंडक ठाम होता तरी व्यवहार वेगळाच चालला होता. फिलाडेल्फियाचा हेन्री डेरिंजर तळहातात मावणारी पिस्तुले करत होता आणि ती हातोहात खपत होती. पाटलोणीच्या मागच्या खिशाला तिकडे ‘पिस्तुलाचा खिसा’ असे नावच पडले होते. १४ एप्रिल १८६५ च्या रात्री वॉशिंग्टनच्या फोर्ड नाट्यगृहात जॉन विल्क्स बूथने लिंकनवर झाडले ते डेरिंजरचेच, एकाच गोळीचे पिस्तूल. जेमतेम सहा इंच लांब. ते कपड्यांत कुठेही राहिले असते. पण बूथला अध्यक्षांच्या सज्जापर्यंत नेले ते त्याच्या चेहऱ्याने. तो नामांकित नट होता, ते नाट्यगृह त्याच्या पायाखालचे होते, आणि नाटकात हशा नेमका कुठे पिकतो हेही त्याला ठाऊक होते. त्या हशातच त्याने चाप ओढला. नाट्यगृहाचा हा धागा आम्ही मुद्दाम ध्यानात ठेवायला सांगतो. नाशिकला तो पुन्हा लागणार आहे.

याहून विलक्षण गोष्ट विल्यम मॅकिन्लीची. ६ सप्टेंबर १९०१ रोजी बफेलो शहरातल्या प्रदर्शनात अध्यक्ष जनतेशी हस्तांदोलन करत उभे होते. दिवस उकाड्याचा, रांगेतल्या पुष्कळांच्या हातात घाम टिपायला रुमाल. लिऑन चोल्गोश याच्या उजव्या हातालाही रुमाल गुंडाळलेला होता, जणू हाताला दुखापत झाली असावी. आत रिव्हॉल्व्हर होते. असा हात पाहून सभ्य माणूस काय करील? तो आपणहून डाव्या हाताकडे हात नेईल. मॅकिन्ली तसेच करू लागले, आणि त्याच क्षणी दोन गोळ्या सुटल्या. आठ दिवसांनी ते गेले. हा प्रसंग वाचताना आम्हांला सर्वांत जास्त टोचते ती पुढे झालेल्या डाव्या हाताची माया.

त्यानंतरची कथा उलट्या दिशेने जाते. १९११ साली न्यूयॉर्क राज्याने परवान्याविना लहान पिस्तूल बाळगणे हा गुन्हा ठरवला. विसाव्या शतकाचा बराच काळ बहुतेक राज्यांत लपवून पिस्तूल नेणे एकतर बंद होते किंवा अधिकाऱ्याच्या मर्जीवर होते. १९८७ मध्ये फ्लोरिडाने नियम बदलला : ठरावीक अटी पुऱ्या करणाऱ्या माणसाला परवाना नाकारता येणार नाही. राज्यांमागून राज्ये त्या वाटेने गेली. २०२२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने न्यूयॉर्कची ‘योग्य कारण दाखवा’ ही जुनी अट रद्द केली. आज अर्ध्याहून अधिक राज्यांत सज्ञान नागरिकाला लपवून पिस्तूल बाळगायला परवानाही लागत नाही. एकोणिसाव्या शतकातला दंडक इथे पुरता उलटा झालेला आहे. आता उघड पिस्तूल लावून दुकानात शिरणारा माणूस असभ्य, लोकांना घाबरवणारा; आणि कुणाला कळू न देता बाळगणारा तो समंजस. लपवणे हाच शिष्टाचार झाला.

या शिष्टाचाराचे एक स्वतंत्र शरीरशास्त्र आहे. सदऱ्यावर पिस्तुलाचा आकार उमटला तर त्याला तिकडे ‘प्रिंटिंग’ म्हणतात. छपाईचा ठसा उमटावा तसे. उभ्या माणसाचे सहसा काही दिसत नाही. संकट येते ते रोजच्या साध्या हालचालींत. वरच्या फळीवरचा डबा काढायला हात उंचावला की सदरा वर सरकतो. बुटाची नाडी बांधायला वाकले की पाठीवर कापड ताणते. गाडीतून उतरताना, मूल कडेवर घेताना, खुर्चीतून उठताना तेच. म्हणून बाळगणारा वाकत नाही, गुडघ्यांतून बसतो. कापड जागेवर आहे ना हे पाहायला त्याचा हात पुनःपुन्हा कमरेशी जातो, आणि जाणत्याला तेवढी खूण पुरते. टेक्सासमध्ये स्थायिक झालेला आमचा एक माजी विद्यार्थी सुट्टीत भेटला तेव्हा त्याने सांगितले की त्याच्या कार्यालयातील एक सहकारी आलिंगन देताना नेहमी किंचित तिरका उभा राहतो. मोठा मनमोकळा माणूस, पण मिठी मात्र अर्धी. दोन वर्षांनी कारण कळले. ते कळल्यावर आमच्या विद्यार्थ्याला भीती वाटली नाही, वाईट वाटले. दोन वर्षे आपण ज्याला संकोच समजलो ते लोखंड होते, असे तो म्हणाला.

आपल्याकडे या इतिहासाचे वळण अगदी वेगळे पडले. पेशवाईअखेरपर्यंत शस्त्र ही लपवण्याची गोष्ट नव्हती. कमरेची कट्यार, पाठीवरची ढाल या माणसाचा दर्जा सांगणाऱ्या वस्तू होत्या. गुप्ती हा अपवाद, म्हणून तर तिला वेगळे नाव. लॉर्ड लिटनच्या कारकीर्दीतील १८७८च्या शस्त्रकायद्याने हे संपवले. युरोपियनांना त्यातून सूट होती. हिंदी माणसाला परवाना हवा. या कायद्याचा जो परिणाम इतिहासाच्या पुस्तकांत क्वचितच येतो तो असा, की येथल्या माणसाच्या हातात परवान्याविना आलेले प्रत्येक शस्त्र आपोआप लपवलेले शस्त्र झाले. उघड बाळगण्याचा मर्दपणा आणि लपवण्याचा भेकडपणा ही निवडच उरली नाही. अमेरिकन न्यायाधीशाचा दंडक येथे लावता येत नाही तो यासाठी. आमच्यातला नाशिककर हा मुद्दा नेहमी आवर्जून मांडतो, आणि तो खरा आहे.

२२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंना कपड्यांपेक्षा अंधारानेच जास्त लपवले. धावत्या गाडीमागे चढून गोळी झाडावी लागली. रीतीचा, भेटीचा, विश्वासाचा तिथे प्रश्न आला नाही. बारा वर्षांत चित्र बदलले, आणि बदलले ते बऱ्याच अंशी जॉन ब्राउनिंग या अमेरिकन कारागिराच्या डोक्यातून निघालेल्या पिस्तुलांमुळे. रिव्हॉल्व्हरच्या पोटाशी गोळ्यांचा फुगीर गोल असतो, तो कापडाबाहेर डोकावतो. ब्राउनिंगची पिस्तुले चपटी, गोळ्या मुठीच्या आत. त्याने आखलेल्या काही पिस्तुलांत घोडाही आत झाकलेला असे, तो खिशाच्या अस्तरात अडकू नये म्हणून. १९०३ च्या अशाच एका कोल्ट पिस्तुलाच्या नावातच ‘पॉकेट’ आहे. चंद्रशेखर आझादांचे शेवटचे पिस्तूल त्याच जातीचे. खिशासाठी घडवलेल्या या वस्तूने हिंदुस्थानच्या क्रांतिकारक चळवळीला तिचे स्वरूप दिले, असे म्हणणे फार धाडसाचे होऊ नये. याच्या उलट उदाहरण कलकत्त्याचे. २६ ऑगस्ट १९१४ रोजी तेथल्या रॉडा कंपनीची ५० माउझर पिस्तुले आणि ४६,००० काडतुसे क्रांतिकारकांनी पळवली. माउझर मोठे प्रभावी, पण लांबलचक नळीचे आणि लाकडी म्यानाचे. धोतर-उपरण्यातल्या माणसाने ते घेऊन ट्राममध्ये बसणे सोपे नव्हे.

ब्राउनिंग नाशिकला आली ती दुहेरी लपून. लंडनच्या इंडिया हाउसमधला आचारी चतुर्भुज अमीन याच्या पेटीला दुहेरी तळ होता, आणि त्यात सावरकरांनी पाठवलेली वीस पिस्तुले १९०९च्या आरंभी मुंबईस उतरली. आचाऱ्याच्या पेटीत काय असणार, भांडीकुंडी आणि कपडे! त्याच वर्षी १ जुलैला लंडनमध्ये मदनलाल धिंग्रांनी कर्झन वायलीवर पिस्तूल झाडले ते एका स्नेहसंमेलनात, ओळखीच्या माणसाशी दोन शब्द बोलावे तसे जवळ जाऊन.

२१ डिसेंबर १९०९. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांची बढतीवर बदली झालेली, त्यांच्या निरोपाप्रीत्यर्थ विजयानंद नाट्यगृहात किर्लोस्कर मंडळीचा ‘शारदा’चा प्रयोग. तेव्हाच्या औरंगाबादेत शिकणारा अठराच्या आतबाहेरचा अनंत कान्हेरे प्रेक्षक म्हणून आत शिरला. बाबाराव सावरकरांना झालेल्या जन्मठेपेचा सूड हे कारण सर्वांना माहीत आहे. आम्हांला येथे थांबायचे आहे ते दुसऱ्या तपशिलापाशी. जॅक्सन हा संस्कृत जाणणारा माणूस. लोक त्याला ‘पंडित’ म्हणत. गुजरात आणि कोकणातल्या लोकसमजुतींची त्याने गोळा केलेली टिपणे त्याच्या मृत्यूनंतर एंथोव्हेन यांनी सिद्ध करून छापली. लोकसाहित्य शिकवताना आम्ही ती आजही उघडतो. तो नाटकाला आला होता तो नुसत्या दिमाखासाठी नव्हे, त्याला ते कळत होते म्हणूनही. म्हणजे ज्या जिव्हाळ्याने तो त्या गावाच्या नाट्यगृहात निर्धास्त आला, तोच पिस्तुलाचा आडोसा झाला. क्रूर आणि नालायक अधिकारी मारला गेला असता तर आमच्या शाळेतल्या निबंधाला काहीच अडचण नव्हती. दुसऱ्या बाजूस हेही तितकेच खरे की ज्या राज्याचा तो हस्तक होता, त्या राज्याने कान्हेऱ्यांसारख्याला उघड उभे राहण्याची जागाच ठेवली नव्हती. १९ एप्रिल १९१० रोजी कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे या तिघांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली.

क्रांतिकारकांच्या गोष्टींतले एक प्रवासचित्र आम्हांला विशेष प्रिय आहे. डिसेंबर १९२८ मध्ये साँडर्स वधानंतर लाहोरच्या स्थानकावर पहाटे एक कुटुंब आले. साहेबी ओव्हरकोट आणि हॅट घातलेला तरुण, त्याच्या कडेवर लहान मूल, सोबत पत्नी, मागे सामान वाहणारा नोकर. तरुण भगतसिंग, ‘पत्नी’ म्हणजे भगवतीचरण व्होरांच्या पत्नी दुर्गादेवी, मूल त्यांचा शची, आणि नोकर म्हणजे आपल्या खेडचे राजगुरू. दोघांच्याही कपड्यांत भरलेली पिस्तुले होती. स्थानकावर पोलिसांचा कडेकोट पहारा. पण मूल कडेवर घेतलेल्या बापाला कोण अडवणार? आणि नोकराकडे तर कुणी पाहतच नाही! राजगुरूंना कुठल्या कोटाची गरज लागली नसेल. आपल्या समाजात सामान वाहणारा माणूस आधीच अदृश्य असतो.

१९३१ साली पिस्तूल शिक्षणसंस्थांत शिरले, आणि येथे आम्ही प्राध्यापक या नात्याने तटस्थ राहू शकत नाही. २२ जुलैला मुंबईचे हंगामी गव्हर्नर अर्नेस्ट हॉटसन पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आले होते. ग्रंथालय पाहत असता वासुदेव बळवंत गोगटे या विद्यार्थ्याने त्यांच्यावर अगदी जवळून गोळ्या झाडल्या. सोलापूरचा लष्करी कायदा आणि त्याच वर्षीच्या जानेवारीतल्या चार फाशी यांचा तो सूड होता. गोळी हॉटसन यांच्या छातीवरच्या खिशातील टिपणवहीच्या धातूच्या बटणावर आदळून थांबली. एकाच्या खिशात पिस्तूल, दुसऱ्याच्या खिशात टिपणवही! गोगट्यांना शिक्षा झाली. पुढे ते पुण्याचे महापौरही झाले. त्याच १४ डिसेंबरला कोमिल्ल्यात शांती घोष आणि सुनीती चौधरी या दोन शाळकरी मुली पोहण्याच्या स्पर्धेसाठी परवानगीचा अर्ज घेऊन मॅजिस्ट्रेट स्टीव्हन्सच्या बंगल्यावर गेल्या आणि त्यांनी त्याला ठार केले. आणि ६ फेब्रुवारी १९३२ रोजी कलकत्ता विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात बीना दास यांनी पदवीधराच्या झग्याआडून रिव्हॉल्व्हर काढून गव्हर्नर स्टॅन्ले जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. त्या चुकल्या. कुलगुरू हसन सुऱ्हावर्दी यांनी बीनाताईंना धरले. ग्रंथालय, अर्ज, पदवीचा झगा. विद्यार्थी ज्या रीतींनी विद्यार्थी ठरतो त्याच रीती. आम्ही वर्गात या घटना शिकवतो तेव्हा मुलांचे डोळे चमकतात, हे आम्ही पाहिले आहे. आणि तेव्हा आमच्या मनात जे होते त्याला अभिमानही म्हणता येत नाही आणि भीतीही.

आता ३० जानेवारी १९४८. याविषयी लिहिताना आमच्यातल्या सातारकराने लेखणी आपल्या हाती मागून घेतली आहे. दहाच दिवस आधी, २० जानेवारीला, बिर्ला भवनातील प्रार्थनेच्या वेळी स्फोट झालेला होता. पोलिसांनी बंदोबस्त वाढवला. येणाऱ्यांची झडती घ्यावी असे त्यांचे म्हणणे. गांधीजींनी त्यास नकार दिला. प्रार्थनेला येणाऱ्याचे अंग चाचपायचे, ही कल्पनाच त्यांना मान्य नव्हती. मॅकिन्ली यांना रुमालाआड काय आहे हे ठाऊक नव्हते. जॅक्सनलाही ठाऊक नव्हते. गांधीजींना मात्र असे काही असू शकते हे पुरते ठाऊक होते, आणि तरी त्यांनी पाहायचे नाही असे ठरवले. सायंकाळी पाच वाजून गेल्यावर, सरदार पटेलांशी बोलणे लांबल्यामुळे उशीर झालेला असताना, ते दोन मुलींच्या खांद्यांवर हात ठेवून हिरवळीवरून निघाले. गर्दीने रीतीप्रमाणे दुभंगून वाट दिली. नथुराम गोडसे त्या वाटेत पुढे झाला, अभिवादनासाठी वाकल्यासारखा. मनुबेन त्याला बाजूला करू लागल्या, त्यांना त्याने ढकलले. बेरेटा पिस्तुलातून तीन गोळ्या सुटल्या.

येथे चिलखत नव्हते. परक्या राज्याचा पहारा नव्हता. उघड बोलायला जागा नव्हती असेही नव्हते. पुण्यात गोडशाचे स्वतःचे वृत्तपत्र होते. १८७८च्या कायद्याने लपवण्याला जी सबब दिली होती ती १९४८ मध्ये संपलेली होती. नाशिककराला हे मान्य आहे. त्याचे म्हणणे एवढेच, की नमस्काराआड पिस्तूल नेण्याची वाट आम्ही त्यापूर्वी चाळीस वर्षे फुलांनी सजवत आलो होतो, आणि त्या सजावटीत त्याच्या शाळेतल्या निबंधाचाही वाटा असावा. सातारकर यावर गप्प बसतो. आजोबा त्या रात्रीविषयी कधी बोलत नसत. घर जाळायला आलेल्यांत ओळखीचे चेहरे होते, आणि त्यांच्यापैकी एकाने आधी ‘काका, बाहेर या’ अशी नेहमीच्या आवाजात हाक मारली होती, एवढेच ते सांगत.

मध्यंतरी आम्ही एका जुन्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काही संदर्भ पाहायला गेलो होतो. दारावरच्या शिपायाने पिशव्या बाहेर ठेवायला लावल्या. पुस्तके चोरीस जातात, असे तो म्हणाला. कोट, जाकिटे, शाली यांविषयी त्याने काही विचारले नाही. आत मुले वाचत बसली होती.